पुणे ते सातारा, व्हाया भोर-वाई-महाबळेश्वर: तीन खोरी आणि तीन मोठे घाट सायकलवर कसे करावेत

पुण्याहून महाबळेश्वरला सायकलवर निघालेले बरेच जण पाचगणीच्या अलीकडेच टेम्पो शोधू लागतात. पायांत ताकद नसते असं नाही. भोरपर्यंतचा सोपा रस्ता त्यांनी जोरात मारलेला असतो, मांढरदेवीच्या उतारावर दंड आणि बोटं आखडलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी वाईतून निघायला नऊ वाजलेले असतात. पसरणी घाटाचा निकाल भोरच्या अलीकडेच लागतो, आणि हा लेख त्याच हिशोबानं लिहिला आहे.

मार्ग असा: पहिल्या दिवशी कात्रज, कापूरहोळ, भोर, मांढरदेवी, वाई. दुसऱ्या दिवशी वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, केळघर घाट, मेढा, सातारा. नीरेच्या खोऱ्यातून चढून कृष्णेच्या खोऱ्यात उतरायचं आणि तिथून पुन्हा चढून वेण्णेच्या खोऱ्यात. रोज साधारण 85 ते 90 किलोमीटर. आकडा ऐकून सोपं वाटतं, म्हणूनच फसगत होते.

## 1. दिवस आणि दिशा आधी ठरवा

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चनंतर भोरच्या पुढे सकाळी अकरालाच अंग भाजतं. पावसाळ्यात घाटांत दरडी येतात, कडेला शेवाळ धरतं आणि धुक्यात मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. पावसात जायची हौस असेल तर घाट सोडून खोऱ्यातच फिरा.

दिशा उलटी करू नका. भोरकडून मांढरदेवीला जाणारा आंबाडखिंडीचा चढ डोंगराच्या उत्तर अंगाला आहे, त्यामुळे हिवाळ्यात तिथे ऊन उशिरा येतं. वाईकडून चढलात तर दक्षिणेकडच्या उतारावर ऊन थेट अंगावर घ्यावं लागतं. महाबळेश्वरहून खाली येतानाही केळघरचा रस्ता पसरणीपेक्षा कमी वर्दळीचा. पसरणीत उतरताना पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत ब्रेक दाबूनच बोटं दुखतात.

शक्य असेल तर बुधवार-गुरुवार निवडा. मांढरदेवीला मंगळवारी आणि शुक्रवारी काळूबाईच्या भाविकांची गर्दी असते. शनिवार-रविवारी पाचगणीचा रस्ता भरलेला असतो. नोकरीमुळे शनिवार-रविवारच मिळत असेल, तर रविवारी उजाडताच वाई सोडणं सक्तीचं समजा.

इशारा: पौष पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे बहुतेक वर्षी जानेवारीत, काळूबाईची मोठी यात्रा असते. त्या दिवसांत मांढरदेवीचा रस्ता सायकलसाठी विसरा.

तपासा: कापूरहोळ-भोर-मांढरदेवी-वाई रस्त्यावर काँक्रीटची कामं टप्प्याटप्प्यानं होत असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी भोर किंवा वाईतल्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून रस्ता कुठे उकरलाय ते विचारा. फोनवरचा नकाशा हे सांगत नाही. शिवाय जवळचा रस्ता म्हणून तो कधीकधी थेट शेतातल्या वाटेवर नेतो.

## 2. गिअर: इथे तडजोड करू नका

घाटात सर्वांत जास्त चूक इथे होते. समजा, पुढची छोटी चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) 39 दात्यांची आहे आणि मागचा सर्वांत मोठा गिअर 25 दात्यांचा. ताशी साडेनऊ किलोमीटरच्या वेगाला पॅडल मिनिटाला 48 वेळाच फिरेल. म्हणजे प्रत्येक फेरा गुडघ्यावर भार देऊन ढकलायचा. पुढे 34 आणि मागे 32 असेल, तर त्याच वेगाला तेच पॅडल 70 वेळा फिरतं. श्वास थोडा वाढतो, गुडघे वाचतात. हा फरक पसरणीच्या सातव्या किलोमीटरला कळतो, आणि तेव्हा उपाय काहीच नसतो.

मागची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) बदलायला फार खर्च येत नाही. बदलण्याआधी दुकानात विचारा की तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 32 दाते पेलतो का, आणि चेन तेवढी लांब आहे का. दोन्ही न बघता मोठी कॅसेट बसवली, तर मोठ्या चेनरिंगवर असताना चुकून मोठा गिअर पडतो, चेन ताणली जाते आणि डिरेलर मोडतो. भाड्याची सायकल घेणार असाल तर दाते स्वतः मोजा. ‘घाटाला चालते’ एवढ्या उत्तरावर पैसे देऊ नका.

## 3. सायकलची बाकी तपासणी, निघण्याच्या आठवडाभर आधी

आदल्या रात्री नको. नवा टायर, नवं ब्रेक पॅड, नवी सीट यातलं काहीही बसवलं तर त्यावर किमान एक लांब फेरी झालीच पाहिजे.

- ब्रेक पॅड: रिम ब्रेकच्या पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर बदला. डिस्कच्या पॅडवरचा थर मिलिमीटरभर उरला असेल तरी बदला. केळघरच्या उतारावर तो संपू शकतो.
- टायर: 28 किंवा 32 मिलिमीटर रुंदीचे. काँक्रीटच्या सांध्यांवर आणि घाटातल्या बारीक खडीवर 23 चा टायर त्रास देतो.
- हवा: टायरवर छापलेला सर्वांत मोठा आकडा म्हणजे भरायची हवा नव्हे. साधारण 70 किलो वजनाच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये 75 ते 80 पीएसआय पुरते, 32 मध्ये 60 ते 65. जास्त भरलीत तर वळणावर चाक उडतं.
- केबल आणि चेन: गिअर एकाच झटक्यात पडले पाहिजेत. चेन धुवून, वाळवून, तेल घालून पुसून घ्या. तेल आत हवं, वर नको, नाहीतर कात्रजची धूळ वाईपर्यंत तिथेच चिकटते.

सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, ॲलन की आणि चेनचा जोडदुवा ठेवा. आणखी एक छोटी वस्तू बहुतेक जण विसरतात: प्रेस्टा व्हॉल्व्हचं (बऱ्याच सायकलींच्या ट्यूबला असणारा बारीक व्हॉल्व्ह) पितळी अडॅप्टर. महामार्गावर आणि गावांत पंक्चरची दुकानं आहेत, कॉम्प्रेसर आहे, पण त्यांची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची. नखाएवढं अडॅप्टर नसेल तर कॉम्प्रेसरसमोर उभं राहून हातपंप मारावा लागतो.

तपासा: सायकल उचलून दोन इंचांवरून जमिनीवर सोडा. काही खडखडलं, तर ते काय आहे हे शोधल्याशिवाय निघू नका.

## 4. पायांची परीक्षा

या फेरीआधी एकदा असं करून बघा: सकाळी 40 किलोमीटर सपाट चालवा आणि मग थांबून विश्रांती न घेता कात्रजचा जुना घाट किंवा बोपदेव घाट लागोपाठ दोनदा चढा. दुसऱ्या चढाला एका दमात वाक्य बोलता येत असेल, तर तुम्ही तयार आहात. बोलता येत नसेल, तर आणखी तीन-चार आठवडे द्या. सिंहगड ही चांगली परीक्षा, पण तो पसरणीपेक्षा बराच कडक आहे. तिथे पाय टेकावा लागला म्हणून खचून जाऊ नका.

## 5. पाणी आणि खाणं

दोन मोठ्या बाटल्या लागतात. एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखरेचं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. तासाला अर्धा लिटर प्यायचं, उन्हात त्याहून जास्त. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. थंडीत तहान लागत नाही, पण घाम जातच असतो.

खिशात राजगिरा चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, केळी, खजूर. दर पाऊण तासाला दोन घास. घाटाच्या पायथ्याशी पोटभर मिसळ किंवा पिठलं-भाकरी खाणं ही मोठी चूक. तेल-तिखट चढावर वर येतं. पोहे, उपमा, इडली चालेल, आणि तेही घाटाच्या तासभर आधी. पिठलं-भाकरीची जागा वाईत, संध्याकाळी.

सामान पाठीवरच्या सॅकमध्ये नको. सीटखालच्या किंवा हँडलवरच्या बॅगेत मावेल तेवढंच न्या. पाठीवर चार किलो असले तरी कंबर आणि खांदे उतारावर बोलू लागतात. वाऱ्याचं पातळ जाकीट मात्र न्याच. चढताना भिजलेला सदरा उतरताना गार पडतो.

## 6. पहिला दिवस: कात्रज ते भोर

साडेपाचला निघा. पुढे-मागे दिवे लावून. डिसेंबरमध्ये उजाडायला सात वाजतात.

नवले पुलाकडून नव्या बोगद्यातून जायचं नाही. जुना कात्रज घाट घ्या. वरचा जुना बोगदा लहान आहे, पण अंधारा, आणि आत खड्डा दिसत नाही. शिरण्याआधी मागचा दिवा लुकलुकता ठेवा, गॉगल काढा. पलीकडे शिंदेवाडीला महामार्ग लागतो. तिथून खेड शिवापूर, कापूरहोळपर्यंत जिथे सेवा रस्ता आहे तिथे सेवा रस्ता आणि जिथे नाही तिथे डावी पांढरी पट्टी धरा. एकामागे एक चला. शेजारी-शेजारी गप्पा मारत जाण्याचा हा रस्ता नाही.

कापूरहोळला उजवीकडे भोरचा फाटा. वळण्याआधी पूर्ण थांबा, मागे बघा आणि पुलाखालूनच पलीकडे जा. दुभाजकाच्या फटीतून सायकल उचलून नेणारे दिसतात. तसं करू नका.

कापूरहोळ ते भोर साधारण 14 किलोमीटर, आणि हाच तो धोक्याचा पट्टा. रस्ता मोकळा, सकाळ गार, पाय ताजे. सगळे इथेच वेग घेतात. गटात एकानं जोर लावला की बाकीचे मागे लागतात. माझा नियम साधा आहे: भोर येईपर्यंत बोलता बोलता चालवायचं. ज्याच्याशी बोलता येत नाही, त्याला पुढे जाऊ द्यायचं.

इशारा: काँक्रीटच्या रस्त्याची कड आणि बाजूची माती यांत चार-सहा इंचांचा फरक असू शकतो. कडेवरून खाली गेलात, तर तिरपं चाक घेऊन परत वर येऊ नका. ते घसरतंच. वेग कमी करा, थांबा, सायकल उचलून वर ठेवा. दोन पट्ट्यांमधल्या लांब सांध्यातही पातळ टायर अडकतो.

भोरमध्ये अर्धा तास. खा, दोन्ही बाटल्या भरा, टायरला काच किंवा काटा लागलाय का ते हात फिरवून बघा. पुढे घाट संपेपर्यंत भरवशाचं दुकान मिळेलच असं धरू नका.

## 7. मांढरदेवीचा चढ

आंबाडे गाव गेलं की चढ वाढतो. चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाका. जोर देत असताना गिअर बदलला की चेन उतरते आणि अशा जागी सायकल परत चालू करणं कठीण.

पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश. एवढ्या हळू की मागचा पुढे जाईल. पॅडल मिनिटाला 65 ते 75 च्या आसपास फिरत राहील असा गिअर धरा, हात हँडलच्या वरच्या भागावर सैल, खांदे खाली. उभं राहून चढायचं ते फक्त वळणाच्या आतल्या तीव्र तुकड्यात, आणि तेही पंधरा-वीस फेरे. सतत उभं राहिलात तर मांड्या लवकर भरतात.

थांबायचंच असेल तर वळणावर नको. वळण संपून सरळ रस्ता लागला की, वरून आणि खालून दोन्हीकडून तुम्ही दिसाल अशा जागी, रस्त्याबाहेर. आंधळ्या वळणावर सेल्फी काढणारे दिसले तर त्यांना सांगाच.

तपासा: खिंडीत पोहोचल्यावर पाच मिनिटं खरंच थांबा. जाकीट घाला. पुढचा आणि मागचा ब्रेक एकेक करून दाबून बघा. चाकाचा क्विक-रिलीज (चाक धरून ठेवणारा खटका) घट्ट आहे ना ते बघा.

## 8. वाईकडचा उतार

उतार ही विश्रांती नव्हे. पहिल्या दिवसाचे अपघात इथेच होतात, कारण चढ संपला म्हणून माणूस सैल पडतो.

हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर. तिथूनच ब्रेक पूर्ण ताकदीनं लागतो. ब्रेक सतत घासत ठेवू नका. रिम तापते, फार तापली तर ट्यूब फुटते. डिस्कही तापून पकड सोडते. सरळ तुकड्यात वेग घेऊ द्या आणि वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठाम दाबून वेग तोडा. पुढच्या ब्रेकमध्ये ताकद जास्त, म्हणून तो हळूहळू दाबायचा, झटक्यानं नाही. वळणाच्या आत सायकल तिरपी असताना ब्रेक लावायचा नाही. बाहेरचं पॅडल खाली, त्यावर वजन, नजर चाकासमोर नाही तर वळणाच्या शेवटाकडे.

डावीकडच्या वळणाला विशेष जपा. गाड्यांच्या चाकांनी उडालेली खडी आतल्या कडेला जमते, अगदी तुमच्या ओळीत, आणि डोंगराच्या सावलीत ती डांबरासारखीच दिसते. कडेपासून तीन-चार फूट आत राहा. उजवीकडच्या वळणाला उलट मोह होतो, आतून कापून जायचा. समोरून एसटी आली तर तिला पूर्ण रुंदी लागते. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं हा नियम आहे, आणि तो सायकललाही लागू आहे.

दर चार-पाच किलोमीटरला थांबून बोटं मोकळी करा. रिमला हात लावायचा असेल तर जपून.

खाली वाईच्या आसपास नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, बाजूला ऊस बाहेर आलेला. ट्रॅक्टरला ओलांडताना दुसरी ट्रॉली संपली याची खात्री झाल्याशिवाय डावीकडे येऊ नका.

## 9. वाईतली संध्याकाळ

तीनपर्यंत पोहोचलात तर वेळ बरोबर जमली. क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग खाणं, मग अंघोळ, मग सायकल. चेन पुसा, ब्रेक पॅडमध्ये अडकलेली खडी पिनेनं काढा. ती राहिली तर रिमवर चरे पडतात. मेणवलीला जायचंच असेल तर रिक्षानं जा. नदीच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसा, तेवढी विश्रांती पुरते. नऊला झोप.

## 10. दुसरा दिवस: पसरणी घाट

सहाला सायकलवर. वाई साधारण 720 मीटरवर आहे, पाचगणी सुमारे 1,300 वर. मधलं अंतर 12 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी चढ 5 टक्क्यांच्या जवळ. आंबाडखिंडीपेक्षा हा चढ एकसारखा आहे, त्यामुळे एक लय धरून जाता येतं. अवघड करतात ते ऊन आणि गाड्या. या घाटाचं तोंड पूर्वेकडे आहे, सूर्य वर आला की पाठीवर आणि कड्यावर दोन्हीकडे तापतं. सवाआठपर्यंत माथा गाठला तर दोन्ही टळतात.

इथे वेग मोजू नका, वेळ मोजा. ताशी नऊ-दहाच्या चालीनं सव्वा तास लागतो, थांबे धरून दीड. दर वीस मिनिटांनी प्या. मागून गाडी आली म्हणून कडेच्या मातीत उतरू नका, सरळ रेषेत चालत राहा. डगमगणाऱ्या सायकलला ओलांडणं ड्रायव्हरला जास्त अवघड जातं.

घाटात माकडं असतात. खाण्याची पिशवी हँडलला लटकवून थांबलात तर ती जाणारच.

## 11. पाचगणी ते महाबळेश्वर

हे 19-20 किलोमीटर पठारावरचे, चढ-उताराचे. फार सांगण्यासारखं नाही. भिलारच्या फाट्यावर, वेण्णा तलावाजवळ स्ट्रॉबेरीच्या स्टॉलसमोर गाड्या अचानक थांबतात आणि दारं उघडतात. उभ्या गाडीपासून दाराएवढं अंतर ठेवा. स्ट्रॉबेरी विथ क्रीम खायची असेल तर थोडी. पुढे मोठा उतार आहे.

तपासा: महाबळेश्वर दुपारी एकपर्यंत सोडता येत नसेल, तर तिथेच मुक्काम करा. अंधारात केळघर घाट उतरायचा नाही. यावर चर्चा नको.

## 12. केळघर घाट आणि सातारा

आठव्या टप्प्यातलं सगळं इथे लागू, आणि वर एक गोष्ट जास्त: हात कालच दमलेले आहेत. म्हणून थांबे दुप्पट घ्या. दाट झाडीत रस्त्यावर ऊन-सावलीचे पट्टे पडतात, त्यांत खड्डा लपतो. गॉगल फिक्या काचेचा असावा. गटात असाल तर दोघांत किमान पन्नास मीटर अंतर. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे उतारात मुरलेला माणूस. घाटात फोनला रेंज जाते, त्यामुळे खाली केळघर गावात सगळे जमेपर्यंत कुणीही पुढे जायचं नाही. अपघात झालाच तर रुग्णवाहिकेसाठी 108, बाकी मदतीसाठी 112.

मेढ्याला जेवा. पुढे सातारा साधारण 25 किलोमीटर, वेण्णेच्या खोऱ्यातून, छोटे छोटे चढ-उतार. ते त्रास देतात, कारण मनानं फेरी महाबळेश्वरलाच संपलेली असते. हलका गिअर, डावी कड, सहाच्या आत साताऱ्यात.

परत पुण्याला महामार्गानं सायकलवर जाऊ नका. साताऱ्याकडून येणारी वाहतूक खंबाटकीच्या बोगद्यातून जाते आणि बोगद्यापुढचं एस आकाराचं वळण अपघातांसाठी कुख्यात आहे. सायकलला तिथे जागाच नाही. रेल्वेनं यायचं असेल, तर स्टेशन शहरापासून दूर माहुलीकडे आहे आणि सायकल ब्रेक व्हॅनमध्ये बुक करावी लागते. पार्सल कार्यालय कधी उघडं असतं आणि त्या गाडीत सायकल घेतात का, हे निघण्याच्या आधीच्या आठवड्यात विचारून ठेवा. टेम्पो ठरवत असाल तर सायकली आडव्या एकावर एक रचू देऊ नका. मागच्या डिरेलरची बाजू वर ठेवा, मधे गोधडी किंवा पुठ्ठा घाला, पॅडल काढून ठेवा. घरी आल्यावर ब्रेक पॅडचा थर पुन्हा एकदा मोजा. या दोन दिवसांत तो किती गेला ते कळलं, म्हणजे पुढच्या फेरीआधी तो बदलायचा की नाही हे ठरवता येईल.